पिकअप ट्रकमधून तीन कयाक कशा न्यायच्या? माप, पट्टे आणि लाल झेंड्याचा पूर्ण हिशोब

मी कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इथे आलो आणि कयाकचं वेड लागलं. कयाक म्हणजे बहुधा एका माणसाची, वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. सॅन होजेहून मॉस लँडिंगला जायचं, एल्कहॉर्न स्लूच्या शांत पाण्यात होडी सोडायची आणि पाठीवर तरंगणारे समुद्री ऑटर बघायचे, हा आमचा शनिवार.

असाच एका शनिवारी 101 हायवेवर मागचा गाडीवाला सारखा हॉर्न वाजवायला लागला. बाहेर पडून थांबलो, तर मधली कयाक फूटभर मागे सरकलेली आणि पट्टा ढिला. आणखी 10 मिनिटं गेलो असतो तर 50 पाउंडांची होडी त्याच्या काचेवर गेली असती. चूक पूर्णपणे माझी होती. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

आधी माप घ्या

तीन कयाकचं वजन साधारण 150 ते 165 पाउंड. पिकअपला हे काहीच नाही. खरा प्रश्न लांबीचा आहे.

- हौदा: माझ्या फोर्ड एफ-150 चा हौदा आतून सुमारे 67 इंच लांब आहे. चाकांवरच्या फुगवट्यांमध्ये रुंदी सुमारे 50 इंच.
- कयाक: 10 फूट, म्हणजे 120 इंच लांब. रुंदी साधारण 30 इंच, उंची 14 इंच.

दोन कयाक शेजारी आडव्या ठेवल्या तर 60 इंच होतात, म्हणजे फुगवट्यांमध्ये बसत नाहीत. पण कुशीवर उभ्या केल्या तर 14 गुणिले 3, म्हणजे 42 इंच. तिन्ही बसतात! मध्ये फोमच्या नळ्या घाला म्हणजे घासणार नाहीत. चार किंवा जास्त असतील तर रॅक किंवा ट्रेलरच बरा.

सोपा नियम: अर्धी लांबी हौद्यात हवी

कयाकचा गुरुत्वमध्य साधारण मधोमध असतो. म्हणून कयाकची अर्धी लांबी हौद्याच्या लांबीपेक्षा कमी हवी.

- 10 फुटी: अर्धी 60 इंच, हौदा 67. चालेल.
- 12 फुटी: अर्धी 72 इंच. मध्य हौद्याच्या बाहेर गेला. आता बहुतेक भार उघड्या फाळक्यावर, आणि प्रत्येक खड्ड्यात त्याच्या वायरींना झटका.

12 फुटी किंवा लांब कयाकसाठी बेड एक्स्टेंडर घ्या. टोइंगच्या चौकोनी नळीत बसणारा हा लोखंडी दांडा कयाकच्या मागच्या भागाला खालून आधार देतो.

माझं काय चुकलं?

मी दोन पट्टे आडवे टाकले होते, एक पुढे आणि एक मागे, दोन्ही घट्ट. आडवा पट्टा होडीला वर उडू देत नाही, बाजूलाही हलू देत नाही. पण मागे सरकण्यापासून तो फक्त घर्षणाने अडवतो, आणि प्लास्टिकच्या हौद्यावर प्लास्टिकची होडी सहज घसरते.

त्यात कयाक दोन्ही टोकांना निमुळती. ती थोडी सरकली की पट्ट्याखाली अरुंद भाग येतो, पट्टा ढिला पडतो, मग ती आणखी सरकते. कोडमधला एक बग दुसऱ्याला जन्म देतो, तसंच.

वेग वाढला की हे झपाट्याने बिघडतं, कारण हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 35 मैलांवरून 65 मैलांवर गेलात तर जोर दुप्पट नाही, जवळपास साडेतीन पट होतो.

बांधायची पद्धत

1. कयाकचं पुढचं टोक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवा. ब्रेक मारल्यावर पुढे जायला जागाच नको.
2. पुढच्या आणि मागच्या हुकांतून एकेक आडवा पट्टा टाका.
3. तिसरा लांब पट्टा पुढच्या डाव्या हुकातून निघून तिन्ही कयाकच्या मागच्या टोकांना वळसा घालून पुढच्या उजव्या हुकात आणा. तो निसटू नये म्हणून मागच्या मुठींमधून ओवा. भार होडीवर येऊ दे, नुसत्या मुठीवर नको. माझ्याकडे हाच पट्टा नव्हता.
4. मागच्या टोकांपासून खाली टोइंगच्या कडीला एक दोरी बांधा, म्हणजे उसळणार नाहीत.

शक्यतो कॅम बकलचे पट्टे वापरा. रॅचेट जास्त आवळला जातो आणि उन्हात तापलेलं प्लास्टिक दबून खड्डा पडतो. लांब पट्ट्याला एक पीळ द्या, वाऱ्यात फडफडणार नाही.

लाल झेंडा कधी?

कॅलिफोर्नियात सामान मागे 4 फूट किंवा जास्त बाहेर आलं, तर शेवटच्या टोकाला कमीत कमी 12 बाय 12 इंचांचा लाल किंवा चमकदार केशरी झेंडा लागतो. अंधारात 500 फुटांवरून दिसणारे दोन लाल दिवे लागतात.

गंमत अशी, की हे माप गाडीच्या मागच्या दिव्यांपासून मोजतात, उघड्या फाळक्याच्या टोकापासून नाही. मी फाळक्यापासून मोजून निवांत होतो. प्रत्यक्षात माझ्या कयाक दिव्यांच्या मागे साधारण 50 इंच होत्या, म्हणजे मर्यादेच्या 2 इंच पुढे. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथला नियम आधी बघा.

फोन कुठे कामाला येतो?

- निघताना फाळक्याच्या कडेपाशी प्रत्येक कयाकवर खडूची खूण करा आणि फोटो काढा. 15 मिनिटांनी थांबून जुळवून बघा. खूण हलली तर होडी हलली.
- फाळका उघडा असेल तर त्यातला रिव्हर्स कॅमेरा जमीन दाखवतो. स्क्रीनवर भरवसा नको, मागे घेताना मित्राला उतरवा.

नेहमीचे प्रश्न

*मागचा पट्टा तुटला तर?* म्हणूनच दोरी वेगळ्या कडीला बांधायची. सगळं एकाच हुकावर नको.

*भारतात हे चालेल का?* बांधायचं तंत्र तेच, पण कॅलिफोर्नियाचा झेंड्याचा नियम तिथे लागू नाही. झेंडा लावला म्हणजे सामान बाहेर काढायची परवानगी मिळाली, असं समजू नका. पुण्या-मुंबईच्या मित्रांना मी हवा भरायची कयाक सुचवतो, डिकीत मावते.

आता निघायच्या आधी मी प्रत्येक कयाक धरून जोरात मागे ओढतो. होडीबरोबर अख्खा ट्रक हलला, तरच गाडी सुरू करतो.