राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आरोग्य तपासणीचा व मोफत उपचारांचा भारत सरकारचा कार्यक्रम आहे. त्याचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मजात व्यंग, आजार, पोषक घटकांची कमतरता आणि दिव्यांगत्वासह विकासातील विलंब असे त्याचे चार विषय आहेत.

== कार्यपद्धती ==
नवजात बालकांची तपासणी प्रसूतीच्या ठिकाणी व आशा सेविकांच्या गृहभेटींत होते. वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा, तर शासकीय शाळांत एकदा तपासणी करतात. पुढील उपचारांसाठी बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

== पालकांची भूमिका ==
मेंदूची वाढ पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक वेगाने होते. त्यामुळे मान धरणे, बसणे, चालणे वा बोलणे लांबल्यास 'उशिरा बोलेल' म्हणून थांबणे हानिकारक ठरू शकते. भौतिकोपचार व वाचोपचार दीर्घकाळ चालतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांसारख्या शहरांतून रोज लोकलने कामावर जाणाऱ्या पालकांना त्यांसाठी वेळ काढणे कठीण जाते. म्हणून घरच्या दैनंदिन सरावाला विशेष महत्त्व आहे.

== कायदेशीर हक्क ==
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना त्यानुसार मोफत शिक्षणाचा हक्क आहे.