साधें वस्त्र

साधें वस्त्र कोणतें, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाहीं. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्ली दरबारांत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली. त्या दरबारास सार्वजनिक काका जोशी खादीच्या पोशाखांत गेले; आणि त्याच दिवशीं नागपुरांत जमशेटजी टाटांची ‘एम्प्रेस’ गिरणी सुरू झाली. (ती २००२ सालीं बंद पडली.) भांडवल देशी, नांव मात्र परक्या सम्राज्ञीचें! पुढें डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसनें घरोघर सूत कांतण्याचा आग्रह धरला, तेव्हां पंचाईत झाली ती येथील कोष्ट्यांची. त्यांचा माग हाताचा, पण सूत गिरणीचें. अर्थात् त्यांचें लुगडें खादीव्रतास वर्ज्य. व्रत थोर होतें, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु जाडेंभरडें नेसणाऱ्या वकिलापेक्षां तें लुगडें विणणारा कोष्टी कमी स्वदेशी कसा, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.