पदवीला असतानाच संशोधन : सुरुवात त्रिरश्मी लेण्यांपासून

संशोधन म्हणजे एम.ए. झाल्यावर, पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर करायची गोष्ट, असा आपल्या मुलामुलींचा समज आहे. नाशिकच्या विद्यार्थ्याने तरी इतकी वाट पाहू नये.

त्रिरश्मी लेण्यांतले दहा क्रमांकाचे लेणे घ्या. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख तिथे आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापण कायम ठेव ठेवली. त्यातले २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे होते. आता हिशेब करा. २,००० चे वर्षाचे व्याज २४०, आणि वीस भिक्खूंचे १२ प्रमाणे २४०. मुद्दलाला हात न लावता चीवराचा खर्च भागत होता. भिक्खुसंघ आणि कारागीर यांचे आर्थिक नाते कसे होते, हा प्रश्न इथून सुरू होतो, आणि तो कॉमर्सच्या विद्यार्थ्यालाही झेपेल. डोंगराला लेखात त्रिरश्मी म्हटले आहे. मग ‘पांडवलेणी’ हे नाव कधीपासून रूढ झाले, हा दुसरा विषय. लेखांचे पाठ वा. वि. मिराशींच्या सातवाहन-क्षत्रपांवरील मराठी ग्रंथात मिळतात.

कार्यकर्त्यांनी एक पथ्य पाळावे. याच उषवदाताने ब्राह्मणांनाही गायी आणि गावे दान दिली, हेही त्याच लेण्यात कोरलेले आहे. ते गाळले तर भाषण तयार होईल, संशोधन नाही.

दुसरे काम अधिक तातडीचे आहे. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. ज्यांच्या आईवडिलांनी त्यात भाग घेतला, ती पिढीही आता थकली आहे. वस्तीतल्या आजी-आजोबांच्या आठवणी त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा, तारीख-ठिकाण लिहा, मग त्या काळच्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहा. आठवणीत तारखा सरकतात.

हे काम मांडायला जागा आहे. विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत पदवी विद्यार्थ्यांचा वेगळा गट असतो. महाविद्यालयातील समन्वयकाकडे सत्राच्या सुरुवातीलाच चौकशी करा. यूजीसीच्या चार वर्षांच्या पदवी आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील, तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते. मार्गदर्शक शोधताना ‘सर, विषय द्या’ म्हणून जाऊ नका. एका पानावर प्रश्न, साधने आणि आतापर्यंत काय वाचले ते लिहून न्या. इतिहासाचे प्राध्यापक नाही म्हणाले, तर अर्थशास्त्राच्या किंवा मराठीच्या विभागात विचारा.