क्लचप्लेटची झीज (घाटातील जुनी मोटार)

क्लचप्लेटची झीज : इंजिनाची फिरती शक्ती गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या चकतीचे घर्षण-अस्तर वापराने पातळ होणे. ते मर्यादेपलीकडे झिजले की क्लच घसरतो; मेकॅनिकच्या भाषेत ‘स्लिप मारतो’. सपाटीवर महिनोन्महिने लपलेला हा दोष चढावर उघडा पडतो. उदाहरणार्थ, महाबळेश्वर सुमारे १,३५० मी. उंचीवर, म्हणजे वाईपेक्षा सहाशे मीटरांहून अधिक वर आहे. वाईकडून पसरणी, मेढ्याकडून केळघर आणि पोलादपूरकडून आंबेनळी, असे घाट चढूनच तेथे पोचावे लागते.

कारणे : पेडलवरचा पाय पूर्ण काढलेला असताना फ्लायव्हील, क्लचप्लेट व प्रेशर प्लेट एकत्र फिरतात आणि निरोगी क्लच तेव्हा झिजत नाही. झीज होते ती घसरताना. त्यामुळे घाट दुसऱ्या गिअरमध्ये सलग चढणाऱ्या गाडीपेक्षा मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुटीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळच्या रांगेत हाफ क्लचवर तोलून धरलेल्या गाडीची प्लेट लवकर जाते. पेडलवर पाय टेकवून चालवण्याची सवय, केबल प्रमाणापेक्षा ताणलेली असणे, इंजिनाच्या मागच्या सीलमधून प्लेटवर तेल येणे, ही इतर कारणे होत.

लक्षणे : तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही. पुढे चढावर करपल्यासारखा वास येऊ लागतो. मारुती ८०० (१९८३–२०१४) सारख्या केबलच्या गाडीत अस्तर झिजते तसा पेडलचा मोकळा खेळ कमी होतो आणि गाडी पेडल बरेच वर आल्यावर उचलते. ‘क्लच वर आलाय’ म्हणतात ते हेच. हायड्रॉलिक क्लचमध्ये हा फरक बहुधा जाणवत नाही.

गाडी न ओढण्याचे कारण नेहमी क्लचच असते असे नाही. कार्बुरेटरच्या इंजिनाची ताकद विरळ हवेमुळे कमी होते. महाबळेश्वरच्या उंचीवर ही घट दहाव्या हिश्शाहून अधिक असते. गाडी ओढत नाही आणि इंजिनाचा आवाजही चढत नाही, तेव्हा दोष क्लचचा नसावा.

तपासणी : आधी केबलचा खेळ पाहावा, तो मुळीच नसेल तर चांगला क्लचही घसरतो. मग सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक पक्का ओढून तिसरा गिअर टाकावा व किंचित ॲक्सिलरेटर देत क्लच सोडावा. इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. फिरतच राहिले तर क्लच घसरत आहे. ही चाचणी एकदाच करावी, कारण तिनेही प्लेट तापते.

घाटातील उपाय : चढ तोच असला तरी खालच्या गिअरमध्ये क्लचवर पडणारा भार कमी होतो. म्हणून गिअर वेळीच उतरवावा आणि ॲक्सिलरेटर हलका ठेवावा. रांगेत गाडी हँडब्रेकवर उभी करावी. पुढे पुरेशी जागा झाली की एकदमच हलवावी. वास आला तर वळण टाळून कडेला थांबावे, चाकामागे दगड लावावा व क्लच निवू द्यावा. तरीही घसरत असेल तर वर जाण्याचा हट्ट सोडावा. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी; क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये सोडल्यास इंजिनाचा अटकाव सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

पावसाळ्यातील दोष : महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. बंगल्यात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची प्लेट दमटपणामुळे फ्लायव्हीलला चिकटते. पेडल दाबूनही ती सुटत नाही आणि इंजिन चालू असताना गिअर पडत नाही. हा झिजेच्या उलट प्रकार आहे.

दुरुस्ती : केबल सैल केल्याने थोडे दिवस निघतात, झिजलेले अस्तर परत येत नाही. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदा पडतेच, त्यामुळे क्लचप्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग एकत्र बदलणे परवडते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असल्यास ते लेथवर घासून घ्यावे किंवा बदलावे, तेलगळती असल्यास सीलही बदलावे. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतली धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. नवी प्लेट नीट बसेपर्यंत पहिले काही शे किलोमीटर गाडी सपाटीवर, भार न घालता चालवावी.