जुना लाकडी फ्लूट : ओळख, दुरुस्ती आणि पुराव्याचा प्रश्न

१/ लाकडाची एक नळी, बोटांसाठी सहा छिद्रे, धातूच्या काही चाव्या आणि एक पुसट शिक्का. जुन्या युरोपीय फ्लूटच्या बाबतीत अभ्यासकाच्या हाती बहुधा एवढेच लागते. ना तारीख, ना खरेदीची पावती. तरीही तो कोठे आणि साधारण केव्हा घडला, हे बऱ्याच अंशी सांगता येते. तो पुन्हा वाजता करावा की नाही, हा त्यापुढचा अधिक कठीण प्रश्न. या धाग्यात दोहोंचा विचार आहे.

२/ आपली बासरी बांबूची; तिची पोकळी निसर्गानेच दिलेली असते. युरोपातील आडव्या फ्लूटची पोकळी मात्र कारागिराला भरीव लाकडातून कोरून काढावी लागे. बाहेरचा आकार कातारी लाकूड कातून काढतो तसा काढला जाई. आतली पोकळी खास घडवलेल्या हत्यारांनी साधली जाई. ती कोठे किती निमुळती आहे, यावर वाद्याचा सूर ठरतो. म्हणूनच पोकळीची मापे ही कारागिराच्या हस्ताक्षरासारखी असतात.

३/ पहिला पुरावा रचनेचा. सोळाव्या शतकातील फ्लूटला चावी नसे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये निमुळत्या पोकळीचा, तीन खंडांचा आणि एका चावीचा फ्लूट आला. १७२०च्या सुमारास त्याचे चार खंड झाले. १७२६ मध्ये योहान योआखिम क्वांट्झ यांनी शेवटच्या खंडावर दुसरी चावी बसवली. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे हे संगीतगुरू. अशी चाव्यांची जोडी दिसली की त्यांचेच नाव प्रथम आठवते.

४/ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या कारागिरांनी कोमल-तीव्र स्वरांसाठी चाव्या वाढवल्या. रिचर्ड पॉटर यांनी १७८५ मध्ये पेटंट घेतले. त्यात सूर जुळवण्यासाठी मागेपुढे सरकणारी धातूची नळी आणि छिद्रे झाकणारी धातूची बुचे यांचा समावेश होता. एकोणिसाव्या शतकात आठ चाव्यांचा फ्लूट इंग्लंडमध्ये सर्रास दिसू लागला.

५/ पुढची क्रांती म्युनिकच्या थिओबाल्ड ब्योम यांची. १८३१ मध्ये त्यांनी लंडनला चार्ल्स निकोल्सन यांचे वादन ऐकले. निकोल्सन यांच्या फ्लूटची छिद्रे मोठी, म्हणून नादही भारदस्त. त्यानंतर ब्योम यांनी १८३२ मध्ये नव्या चावीयोजनेचा फ्लूट केला आणि १८४७ मध्ये शरीराची पोकळी निमुळती न ठेवता सरळ केली. आजच्या वाद्यवृंदातील धातूचा फ्लूट याच रचनेचा वारस आहे.

६/ यावरून तारीख काढणे सोपे वाटते. पण येथेच नवखा अभ्यासक फसतो. ब्योमनंतरही जुन्या पद्धतीचे फ्लूट बनत राहिले, अगदी विसाव्या शतकातही. ते स्वस्त होते आणि वादकांच्या बोटांना सवयीचे होते. त्यामुळे वाद्यावरील सर्वांत नवे वैशिष्ट्य ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सिद्ध करते. ‘याच्या नंतरचे नाही’ हे त्यातून कधीच सिद्ध होत नाही. कागदपत्रांच्या कालनिश्चितीलाही हाच नियम लागू पडतो.

७/ दुसरा पुरावा शिक्क्याचा. लंडनच्या जॉर्ज रूडॉल आणि जॉन मिचेल रोझ यांची भागीदारी १८२१ची. १८५०च्या दशकात रिचर्ड कार्ट यांचे नाव पेढीला जोडले गेले. पुढे रोझ यांचे नाव गळाले. पेढीने जागाही अनेकदा बदलली आणि शिक्क्यात पुष्कळदा पत्ता असे. नाव आणि पत्ता एकत्र वाचला की काळ काही वर्षांपर्यंत खाली आणता येतो. यासाठी विल्यम वॉटरहाउस यांनी १९९३ मध्ये सिद्ध केलेला वाद्यकारांचा कोश अभ्यासकांच्या नित्य हाताशी असतो.

८/ पण शिक्का म्हणजे मोर्तब नव्हे. हॅनोव्हरच्या मेयर यांचे फ्लूट इतके लोकप्रिय झाले की ‘मेयर’ हे नावच एका प्रकाराचे नाव बनले आणि इतर कारखान्यांच्या मालावरही ते उमटू लागले. फ्रान्समधील हॉटेटेर घराण्याचे प्रकरण तर अधिक बोलके आहे. या नावाचा शिक्का असलेल्या आणि संग्रहालयांत अस्सल म्हणून नांदलेल्या फ्लूटपैकी काही प्रत्यक्षात बऱ्याच नंतरच्या प्रतिकृती आहेत, असे आर्डल पॉवेल यांनी १९९६च्या शोधनिबंधात मांडले. बनावट महजर आणि रचलेल्या वंशावळी तपासणाऱ्या मराठी संशोधकाला हा अनुभव परका वाटणार नाही.

९/ तिसरा पुरावा लाकडाचा. अठराव्या शतकात पिवळसर बॉक्सवूड हे नेहमीचे लाकूड. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कॅरिबियन बेटांवरून येणाऱ्या गर्द तपकिरी कोकसवूडला मान मिळाला. नंतर आफ्रिकन ब्लॅकवूड रुळले. हे ब्लॅकवूड आपल्या शिसवीचेच भाऊबंद. म्हणजे फ्लूटच्या लाकडात साम्राज्याच्या व्यापारमार्गांचाही इतिहास साठलेला असतो.

१०/ चौथा पुरावा सुराचा. आज ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात. हे प्रमाण १९३९च्या लंडन परिषदेत ठरले. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ हे प्रमाण ठरवले होते. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये वाद्यवृंद ४५२च्या आसपास वाजत. अठराव्या शतकाच्या आरंभीचे फ्रेंच फ्लूट मात्र पुष्कळदा ४००च्याही खाली बोलतात. त्यामुळे आजच्या पेटीशी सूर जुळत नाही म्हणून वाद्य बिघडलेलेच आहे, असे मानणे घाईचे ठरते.

११/ आता दुरुस्तीकडे. जुन्या इंग्लिश फ्लूटच्या वरच्या खंडाला अनेकदा उभी चीर असते. कारण पॉटर यांच्या पेटंटमधील त्याच सोयीत दडलेले आहे. लाकूड कोरड्या हवेत आक्रसते. आतली धातूची नळी आक्रसत नाही. ताण वाढत जातो आणि अखेर लाकूड तडकते. सूर जुळवण्यासाठी केलेली सुधारणाच वाद्याच्या मुळावर आली.

१२/ चांगला दुरुस्तीकार आधी हत्यार उचलत नाही. तो छायाचित्रे घेतो, पोकळीची मापे टिपतो, आधीच्या दुरुस्त्यांची नोंद करतो. वाद्याला हळूहळू दमट हवेत आणतो. मग धातूची नळी सोडवून चीर सांधतो. चीर रुंद असेल तर त्याच जातीच्या लाकडाची बारीक पट्टी बसवतो. चाव्यांखालच्या कुजलेल्या गाद्या, सुकलेले बूच आणि सांध्यांवरील सुताची गुंडाळी बदलतो.

१३/ यात सर्वांत महत्त्वाचा निकष असा की केलेले काम पुढे कोणाला तरी उलटवता आले पाहिजे. सरसाचा जोड ऊब आणि ओलावा देऊन सोडवता येतो. झटपट चिकटणारा आधुनिक गोंद लाकडात मुरला की त्याच्या मागचे काहीच उरत नाही. घासून चकचकीत केलेल्या लाकडावरून शिक्का जातो, तो कायमचाच.

१४/ अशी हानी नवी नाही. सुराचे प्रमाण वर चढत गेले तसे अनेक फ्लूटचे खंड कापून आखूड केले गेले. जोरकस नादासाठी फुंकण्याचे छिद्र मोठे केले गेले. करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता; त्याला वाजणारे वाद्य हवे होते. पण त्या फ्लूटचा मूळ नाद कसा होता, हे आज कोणालाच ऐकता येणार नाही.

१५/ म्हणून दोन न्याय्य मागण्या समोरासमोर येतात. वादक म्हणतो, वाद्य वाजण्यासाठीच जन्मले. ही मागणी पोकळ नाही; वाद्यवृंदांनी टाकून दिलेले जुने लाकडी फ्लूट आयर्लंडच्या लोकसंगीतात नव्याने नांदले, ते वादकांमुळेच. इतिहासकार म्हणतो, प्रत्येक फुंकरीबरोबर लाकडात ओल शिरते आणि पुरावा झिजतो. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वाद्यविषयक समितीने १९८५ मध्ये याच पेचावर मार्गदर्शक शिफारशी केल्या. दुर्मीळ वाद्य जपावे, त्याची अचूक मापे घ्यावीत आणि वादनासाठी प्रतिकृती घडवावी, हा मार्ग आज अनेक ठिकाणी स्वीकारला जातो.

१६/ मापे जपण्याचे मोल मोठ्या संग्रहांत दिसते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ डेटन मिलर (१८६६–१९४१) यांनी जमवलेले सुमारे १,७०० फ्लूट आणि त्यांच्या कुळातील वाद्ये आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांत केवळ मौल्यवान नगच नाहीत. अगदी सामान्य, कारखानी वाद्येही आहेत. एखाद्या अनोळखी फ्लूटची तुलना करायची, तर हीच सामान्य वाद्ये कामी येतात.

१७/ कोणाच्या घरी असा फ्लूट निघालाच, तर तेल चोळू नये, पॉलिश करू नये, अडकलेला सांधा पिळू नये आणि वाजवून पाहण्याची घाई करू नये. प्रत्येक खंडाचे आणि शिक्क्याचे तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे. पुसट अक्षरे तशी उमटून दिसतात. पेटी, चिठ्ठ्या, जुने सूत यांपैकी काहीही फेकू नये. घराण्यात ते वाद्य कोणाकडून आले, हे ज्यांना आठवते त्यांना आजच विचारून लिहून ठेवावे. चीर पुढच्या वर्षीही सांधता येईल. ती आठवण मात्र तोवर थांबेलच असे नाही.