हाताला परवाना कुणाचा? माणूस, जनावर आणि हस्तोपचारांचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण मुलगी थांबली होती. ती घोडेस्वारी करते. तिला हाताने करायचे उपचार शिकायचे आहेत, म्हणजे मालिश, आखडलेले स्नायू मोकळे करणं, सांध्यांना हालचाल देणं. आणि ते तिला माणसांवरही करायचेत आणि घोड्यांवर, कुत्र्यांवरही. तिचा प्रश्न साधा होता. "सर, स्नायू तो स्नायूच ना? मग दोन्हींसाठी एकच रस्ता का नाही?"

मी तिला म्हटलं, याचं उत्तर दारात उभं राहून देता येणार नाही, कारण ते अडीचशे-तीनशे वर्षांत घडत गेलेलं आहे. आज तेच सांगायचा प्रयत्न करतो. यातला बराचसा भाग इंग्लंडमध्ये घडतो, कारण हे दोन रस्ते एकमेकांपासून कसे दूर गेले हे तिथे तारीखवार दिसतं. शिवाय आपली आजची व्यवस्थाही बरीचशी तिथल्याच नमुन्यावर उभी आहे. पण सुरुवात आपल्या गावापासून करू.

आपल्याकडचा हाडवैद्य तुम्हाला माहीत आहे. झाडावरून पडलेल्या पोराचा हात बसवणारा माणूस अनेकदा बैलाचा पायही बसवायचा. कामट्या बांधायच्या, लेप लावायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोटांनी चाचपून आत काय झालंय ते ओळखायचं. घोड्यांच्या वैद्याला सलोत्री म्हणत. हा शब्द शालिहोत्र या अश्ववैद्यकाच्या प्राचीन आचार्यांच्या नावावरून आला, आणि कंपनी सरकारच्या फौजांनीही तो जसाच्या तसा उचलला. विद्या बापाकडून मुलाकडे जायची. प्रमाणपत्र नाही, परीक्षा नाही. गुण आला की नाव व्हायचं.

इंग्लंडमध्येही हेच होतं. १७३६ साली लंडनजवळच्या एप्सम गावात सॅली मॅप नावाची एक हाड बसवणारी बाई एवढी गाजली की ती चार घोड्यांच्या गाडीतून लंडनला येऊन रुग्ण तपासू लागली. तिचा बापही हाच धंदा करायचा, तिची शाळा तीच. चित्रकार विल्यम होगार्थनं वैद्यांची टिंगल करणारं एक प्रसिद्ध खोदचित्र काढलं, त्यात तिला वरच्या बाजूला मधोमध बसवलं. म्हणजे मान्यताप्राप्त डॉक्टर खाली आणि ही वर! पण १७३७ च्या डिसेंबरात ती वारली, आणि तिची विद्या कुणी लिहून ठेवली नव्हती. हाताची विद्या अशीच असते. हात गेला की तीही जाते.

आता एक आपला माणूस. साके दीन महंमद. जन्म पाटण्याचा, १७५९ चा. कंपनीच्या बंगाल फौजेबरोबर वाढला, १७८४ मध्ये आयर्लंडला गेला, आणि १७९४ मध्ये त्यानं आपल्या प्रवासाचं पुस्तक छापलं. भारतीयानं इंग्रजीत लिहिलेलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं. पुढे इंग्लंडच्या ब्रायटन या समुद्रकाठच्या गावात त्यानं वाफेचं स्नान आणि 'शँपूइंग' सुरू केलं. शँपू म्हणजे केस धुणं हा अर्थ फार नंतरचा बरं का. मूळ हिंदी 'चाँपना', म्हणजे दाबणं. आपण पाय चेपतो ना, तेच. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्याला आपला 'शँपूइंग सर्जन' नेमलं.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. १८२२ मध्ये दीन महंमदनं आपल्या उपचारांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यानं स्वतःचं जन्मसाल १७४९ सांगितलं. दहा वर्षं मागे! का? तर आपण वैद्यकाचं शिक्षण घेऊन सर्जन झालो होतो, असं त्याला दाखवायचं होतं. त्या शिक्षणाला आयुष्यात जागा तर हवी. राजे ज्याच्या हाताखाली झोपत होते, त्यालाही कागद हवासा वाटत होता. काळ बदलत होता तो असा. नुसता गुण पुरेनासा झाला होता.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरी हा संघटित पेशा झाला आणि हाड बसवणारे भोंदू ठरले. पण रुग्ण काही त्यांच्याकडे जायचे थांबले नाहीत. १८६७ मध्ये सर जेम्स पॅजेट या त्या काळच्या नामवंत सर्जननं एक व्याख्यान छापलं, विषय होता हाड बसवणारे बऱ्या करतात त्या केसेस. डॉक्टरांना त्यानं सांगितलं की ही माणसं नुकसान करतात हे खरं, पण काही रुग्ण खरोखर बरे करतात हेही खरं. तेव्हा त्यांच्यातलं चांगलं शिकून घ्या, वाईट टाळा. असं बोलायला हिंमत लागते.

आणि एका डॉक्टरनं ते प्रत्यक्ष केलं. रिचर्ड हटन हा लंडनमधला नावाजलेला हाड बसवणारा. तो आजारी पडला तेव्हा पीटर हूड नावाच्या डॉक्टरनं फी न घेता त्याची शुश्रूषा केली. हटन म्हणाला, पैसे घेत नाही तर माझी विद्या घे. हूडला वेळ नव्हता, म्हणून त्यानं आपल्या मुलाला पाठवलं. तो वॉर्टन हूड, स्वतः डॉक्टर. हटनच्या हाताखाली उभा राहून तो शिकला आणि १८७१ मध्ये, हटन वारल्यावर, त्यानं ते सगळं छापलं. सॅली मॅपचं जे बुडालं, त्यातलं थोडं असं वाचलं. आणि ते वाचलं कशामुळे, तर एक शिकलेला माणूस न शिकलेल्या माणसाच्या शेजारी विद्यार्थी म्हणून उभा राहिला म्हणून.

आता मालिशकडे येऊ. १८१३ मध्ये स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी व्यायाम आणि उपचारात्मक हालचालींची संस्था काढली. तिथून ही पद्धत युरोपभर गेली आणि इंग्लंडमध्ये मालिश करणाऱ्या परिचारिका तयार झाल्या. पण १८९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं उघड केलं की लंडनमध्ये मालिशच्या पाटीखाली वेश्याव्यवसाय चालतो. प्रामाणिक काम करणाऱ्या बायकांवर केवढं संकट! त्याच वर्षी चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिशकारांची संस्था स्थापली. तिचे नियम कडक होते. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय उपचार करायचे नाहीत, पुरुषांना सरसकट मालिश करायचं नाही. परीक्षा सुरू झाल्या, १९२० मध्ये राजसनद मिळाली, आणि १९४४ मध्ये या संस्थेचं नाव झालं चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी. आज जगभर जो फिजिओथेरपिस्ट आपण पाहतो, त्याची एक वाट या चार बायकांच्या अब्रूच्या लढाईतून येते. आपल्याकडे १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची साथ आली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं केईएम रुग्णालयात हे शिक्षण सुरू झालं.

हा झाला माणसांचा रस्ता. जनावरांचा तोवर वेगळा निघाला होता. लंडनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १७९१ चं. १८४४ मध्ये पशुवैद्यांना राजसनद मिळाली, १८८१ च्या कायद्यानं 'पशुवैद्य' हे नाव राखीव झालं, आणि १९४८ च्या कायद्यानं नुसतं नाव नाही, तर कामसुद्धा. म्हणजे नोंदणी नसलेल्या माणसानं जनावराचं निदान किंवा उपचार करणं, थोडे अपवाद सोडले तर, बेकायदेशीर. तोपर्यंत नालबंद आणि गावठी वैद्य जे करत होते, ते आता गुन्हा ठरलं.

मग हस्तोपचार पुन्हा घोड्यापर्यंत पोचले कसे? तर पोलोच्या मैदानावरून. चार्ल्स स्ट्राँग हे माणसांचे फिजिओथेरपिस्ट. लॉर्ड माउंटबॅटन, म्हणजे आपले शेवटचे व्हाइसरॉय, त्यांच्या उपचारांनी बरे झाले आणि म्हणाले, माझ्या पोलोच्या घोड्यांचंही बघा की. हे १९३० च्या दशकाच्या शेवटचं. स्ट्राँग यांनी पुढे घोड्यांच्या दुखापतींवर पुस्तकही लिहिलं. कायद्यात या कामाला जागा मिळाली १९६२ मध्ये. पशुवैद्यानं जनावर तपासायचं, आणि मग त्याच्या सांगण्यावरून फिजिओथेरपी करता येईल.

आता आपल्या मुलीच्या प्रश्नाकडे परत या, कारण इथे एक उलटंच चित्र दिसतं. इंग्लंडमध्ये आज माणसाला मालिश करायला कायद्यानं ठरावीक पदवी लागत नाही. फिजिओथेरपिस्ट, ऑस्टिओपॅथ, कायरोप्रॅक्टर ही नावं राखीव आहेत, त्यातली ऑस्टिओपॅथची १९९३ च्या आणि कायरोप्रॅक्टरची १९९४ च्या कायद्यानं. बाकी पूरक उपचार करणाऱ्यांसाठी २००८ पासून ऐच्छिक नोंदणी आहे. पण दुखापत झालेल्या घोड्यावर उपचार करायचे, तर आधी पशुवैद्य हवाच. म्हणजे कायदा माणसापेक्षा घोड्याच्या बाबतीत कडक!

हे विचित्र वाटतं, पण विचार करा. माणूस स्वतःच्या पायांनी येतो, "इथे दुखतंय" म्हणतो, "बास करा" म्हणतो, आणि बिघडलं तर तक्रार करतो. आपल्या शरीराचं काय करायचं हे त्याचं तो ठरवतो. घोड्याला यातलं काहीच करता येत नाही. तो कान मागे पाडेल, शेपूट झटकेल, वजन दुसऱ्या पायावर टाकेल. हे वाचता आलं तर वाचायचं. लंगडण्यामागे आखडलेला स्नायू आहे, खुरातली सूज आहे की हाडाला बारीक चीर आहे, हे वरून हात फिरवून नेहमी कळत नाही. चीर गेलेल्या हाडावर जोर दिला तर काय होईल ते सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. लोकांना वाटतं, जनावराला काही अपेक्षा नसते, म्हणून त्याला बरं वाटलं तर उपचार नक्की खरा. पण बरं वाटलं असं सांगतं कोण? मालक! त्यानं पैसे खर्च केलेत, त्याचा जीव गुंतलाय, त्याला फरक दिसणारच. संधिवात असलेल्या कुत्र्यांच्या अभ्यासांत हे स्पष्ट झालंय. मालक सुधारणा सांगतात तेव्हा दर वेळी कुत्र्याच्या चालीच्या मोजमापात ती दिसते असं नाही. म्हणून हस्तोपचार करणाऱ्यानं मालकाच्या कौतुकावर आपली परीक्षा घेऊ नये.

आपल्याकडे काय? मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. १९८४ च्या केंद्रीय कायद्यानं पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यांसाठी राखीव केला. राज्य सरकारनं परवानगी दिलेल्या पदविका-प्रमाणपत्रधारकांना त्यांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा करता येतात. माणसांच्या बाजूला फिजिओथेरपीसारख्या पेशांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. गावचा हाडवैद्य या दोन्हींच्या बाहेर राहिला. त्याच्याकडे लोक अजून जातात. कुणाचा हात नीट बसतो, कुणाचा कायमचा वाकडा होतो. दोन्ही खरं आहे.

तर त्या मुलीला माझं उत्तर काय? स्नायू तो स्नायूच, हे तुझं बरोबर आहे. पण त्यावर हात ठेवायची परवानगी दोन ठिकाणांहून येते. माणसाच्या बाबतीत ती तो स्वतः देतो. जनावराच्या बाबतीत ती देणारं कुणीतरी मध्ये लागतं, आणि नुसता मालक पुरत नाही, ज्याला निदान करता येतं असा माणूस लागतो. म्हणून आधी एक रस्ता पुरा कर. माणसांचं शरीरशास्त्र नीट शीक, बोलणाऱ्या रुग्णांवर हात तयार कर. ते तुला सांगतील तू कुठे चुकतेस. मग घोड्याची रचना वेगळी शीक, एखाद्या पशुवैद्याशी जोडून घे, आणि त्यानं "आज नको" म्हटलं तर हात मागे घे.

आणि वॉर्टन हूडला विसरू नकोस. तुझ्या गावात एखादा म्हातारा हाडवैद्य असेल, एखादा घोड्याला चाळीस वर्षं खरारा करणारा मोतद्दार असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन उभी राहा. तो सांगेल ते सगळं मानू नकोस, पण त्याचे हात बघ. कुठे जोर देतो ते तर बघच, पण कुठे थांबतो ते जास्त बघ. ते कुठल्याच पुस्तकात नीट लिहिलेलं नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.