जोडचित्रांचा वाद

छायाचित्रांच्या स्पर्धेंत बक्षीस कशास द्यावें, डोळ्यांनीं टिपलेल्या क्षणास कीं मनानें रचलेल्या दृश्यास, हा वाद कॅमेरा-क्लबांतील मंडळींस नवा वाटतो. वस्तुतः तो फार जुना आहे, आणि आमच्या मतें त्याचें मूळ तत्त्वज्ञानांत नसून रसायनांत आहे.

१८५१ नंतर प्रचारांत आलेल्या कलोडियनच्या ओल्या कांचेवर निळ्या प्रकाशाचा परिणाम अतिशय त्वरित होई. झाडें-घरें नीट उमटेपर्यंत आकाश इतकें भाजून निघे, कीं छापांत तेथें कोरा कागदच दिसे. म्हणून चतुर कारागीर ढगांची कांच वेगळी घेत व दोन्ही एकाच कागदावर छापीत. फ्रान्समध्यें गुस्ताव्ह ल ग्रे यानें आपलीं कांहीं प्रसिद्ध समुद्रदृश्यें अशींच सिद्ध केलीं. पण एकदां आकाश उसनें घेतलें, म्हणजे माणसें उसनीं घेण्यास काय हरकत?

१८५७ सालीं मँचेस्टरच्या प्रदर्शनांत ऑस्कर रेलँडर यानें ‘टू वेज ऑफ लाइफ’ हें चित्र मांडलें. एका वृद्धापासून दोन तरुण निघतात. एक सदाचाराकडे, दुसरा विलासाकडे. यासाठीं तिसाहून अधिक निगेटिव्ह लागल्या. एक आकृति छापावयाची, बाकीचा कागद झाकावयाचा, मग दुसरी. कुठें रेघभर चुकलें कीं सारें वायां. राणी व्हिक्टोरियानें त्याची प्रत विकत घेतली. स्कॉटलंडच्या फोटोग्राफिक सोसायटीनें मात्र नग्न आकृत्यांमुळें तें नाकारलें. पुढें जोडकामावरही टीका झाली, व दोन वर्षांत रेलँडर या प्रकारास कंटाळला.

हेन्री पीच रॉबिन्सन कंटाळणारा नव्हता. त्याच्या १८५८ च्या ‘फेडिंग अवे’ या चित्रांत मरणोन्मुख मुलीभोंवतीं घरचीं माणसें आहेत. चित्र पांच निगेटिव्हांचें आणि मुलगी धडधाकट. तरी असें दुःख कॅमेऱ्यापुढें मांडावें काय, म्हणून पुष्कळांस राग आला. चित्रकारानें हाच प्रसंग रंगविला असता तर कोणीं ब्र काढला नसता! छायाचित्र म्हणजे घडलेली गोष्ट, ही प्रेक्षकाची श्रद्धा. चित्राचा सारा परिणाम तिच्यावरच उभा होता. १८६९ सालीं रॉबिन्सननें रचनेच्या नियमांचें पुस्तक लिहिलें. खऱ्या शेतकरणी कॅमेऱ्यासमोर अवघडतात, म्हणून तो सुशिक्षित स्त्रियांस त्यांचीं वस्त्रें नेसवी. आम्हांस हें वाचून हंसूं येतें. पण स्पर्धेसाठीं म्हाताऱ्यास मुंडासें बांधून खिडकीशीं बसविणारे आपल्याकडे थोडे नाहींत.

आणि मुंबई या प्रकरणांत अगदींच निर्दोष नाहीं. येथें १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं विल्यम जॉन्सन यानें मुंबईंत वावरणाऱ्या नाना लोकांच्या चित्रांचे दोन भाग १८६३ व १८६६ सालीं काढले. त्यांतील माणसें स्टुडिओंत घेतलेलीं आणि मागील देखावे दुसरीकडचे! खरी अडचण आम्हांस येथें दिसते. रॉबिन्सनची मुलगी मेली नव्हती, यानें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु मुंबईचीं हीं चित्रें माहिती म्हणून पाहावयाचीं होतीं, आणि त्या माणसांचे पाय त्या भूमीस लागलेच नव्हते.

उलट बाजू पीटर हेन्री इमर्सन यानें घेतली. १८८७ सालीं ‘ॲमॅच्युअर फोटोग्राफर’ या नियतकालिकाच्या स्पर्धेंत परीक्षक म्हणून त्यानें पहिलें बक्षीस आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या तरुणाच्या चित्रास दिलें: इटलींतील बेलाजिओ येथील हंसतीं मुलें. १८८९ सालीं त्यानें निसर्गनिष्ठ छायाचित्रणावर ग्रंथ लिहिला, आणि १८९० सालीं काळ्या चौकटीची पुस्तिका काढून स्वतःच त्याचा मृत्युलेख प्रसिद्ध केला! इतक्या तडकाफडकीं मत फिरविणारा मनुष्य आम्हांस प्रामाणिक वाटतो.

आज संगणकावर रेलँडरचें काम अल्पावधींत होतें. म्हणून वृत्तचित्रांच्या मोठ्या स्पर्धांत परीक्षक मूळ फाइल मागवितात, आणि रचलेल्या चित्रांस कित्येक ठिकाणीं निराळा विभाग असतो. रेलँडरच्या वेळीं असा विभाग असता, तर टीकाकारांस नग्नतेखेरीज दुसरी तक्रार उरली नसती.